शकूच्या ग्रहावरचं पाणी

माझी धाकटी बहीण दूरच्या ग्रहांची हवा तपासते. विचुंब्याला माझा शिवणक्लास आहे. तिथे दर नव्या बॅचला हे सांगावं लागतं, आणि दर बॅचमध्ये एकजण तरी हळूच विचारते की मॅडम, माझ्या भावाला कडक मंगळ आहे, ताईंना जरा विचाराल का. पूर्वी मी समजावून सांगायचे. आता सरळ म्हणते, तू आधी काजं नीट कर, मंगळाचं मग बघू.

बहिणीचं नाव शकुंतला तांडेल. आम्ही पनवेलच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या. बाबांची होडी होती, आई मार्केटात मासळी विकायची. शकू वर्गात पहिली यायची आणि मी तिच्या वेण्या घालायचे, अशी आमची कामाची वाटणी. पुण्याला तिने पीएचडी केली ती शुक्राच्या ढगांवर. मग शनीचा टायटन म्हणून एक चंद्र आहे, त्याच्यावरच्या धुक्यापायी काही वर्षं जर्मनीत काढली. तोवर परक्या ताऱ्यांभोवतीही ग्रह सापडायला लागले होते. आमच्या शकूबाई म्हणाल्या, आता तिकडची हवा बघायची. दोन हजार नऊ साली परत आली आणि मुंबईच्या एका संस्थेत लागली, पाच वर्षांच्या करारावर. करंजाड्याला आम्ही नव्या बिल्डिंगमध्ये समोरासमोर फ्लॅट घेतले. एका दारात मी आणि आमचे हे, दुसऱ्या दारात शकू आणि आई. बाबा तोवर गेलेले होते. शकूने लग्न केलं नाही. तो विषय काढायची सोय नाही, काढलात तर ती टायटनबद्दल बोलायला लागते.

हवा तपासते म्हणजे काय, ते मला समजलंय तेवढं सांगते. ग्रह फिरत फिरत आपल्या ताऱ्याच्या पुढून जातो. तेव्हा ताऱ्याचा थोडासा उजेड त्या ग्रहाच्या हवेतून गाळला जाऊन आपल्यापर्यंत येतो. त्या हवेत जे असेल ते उजेडातले आपापले रंग खाऊन टाकतं. कोणते रंग गायब झाले ते बघायचं आणि ते कोणी खाल्ले असतील ते ओळखायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण त्यात माणसाची चाळिशी उलटते.

दुर्बीण हवाई बेटांवरची. तिथे रात्र असते तेव्हा आपल्याकडे दुपार. त्यामुळे आमच्या घरी ताऱ्यांचा अभ्यास भर उन्हात चालायचा. तिकडे तिचे सोबती दुर्बिणीपाशी बसलेले, आणि इकडे ही करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये लॅपटॉपसमोर, गाऊनवर, केसांना क्लिप लावून. लाइट गेली की इन्व्हर्टर, इन्व्हर्टर बसला की आमच्या ह्यांना फोन. आई विचारायची, दिवसाढवळ्या कसले तारे बघतेस गो? शकू म्हणायची, आये, तिथे रात हाय. आई मान हलवायची. पण शेजारी विचारायला आले की तिला कोण अभिमान. माझी पोर दिवसा तारे बघते, म्हणून सांगायची.

दोन हजार तेराच्या सुरुवातीला तिचा मोठा पेपर छापून आला. एका तापलेल्या, गुरूएवढ्या ग्रहाच्या हवेत पाण्याची वाफ आहे, असा. जमिनीवरच्या दुर्बिणीतून इतकी स्वच्छ वाफ दिसणं म्हणजे फार मोठी गोष्ट, हे मला तिच्या मुंबईच्या लोकांनी सांगितलं. करार संपत आला होता, आणि नोकरी कायम होणार की नाही ते ह्याच पेपरवर ठरणार होतं. आईने बातमी ऐकली आणि पहिला प्रश्न विचारला, पाणी गोडा का खारा? शकू इतकी हसली की तिला ठसका लागला. मग म्हणाली, आये, हा प्रश्न मला अजून कोणी विचारला नाय.

आमचा चुलतभाऊ जगन वाड्याच्या मंडळाचा अध्यक्ष. त्याला फ्लेक्स लावायला नुसतं निमित्त लागतं. त्याने नाक्यावर हा एवढा फ्लेक्स लावला. एका बाजूला शकूचा पासपोर्टचा फोटो ताणून मोठा केलेला, आणि दुसऱ्या बाजूला कड्यासकट शनी, कारण छापणाऱ्याकडे तेवढंच चित्र होतं. खाली लिहिलेलं, ‘ग्रहावर पाणी शोधणारी आमची वाघीण’. शकू महिनाभर दुसऱ्या रस्त्याने स्टेशनला जायची. आई मात्र मुद्दाम तिथूनच रिक्षा घ्यायची.

जगन एवढ्यावर थांबेल तर शपथ. नारळी पौर्णिमेला वाड्यात सत्कार ठरवला. सकाळी समाजाच्या हॉलमध्ये कार्यक्रम, मग पंगत, आणि संध्याकाळी सोन्याचा नारळ घेऊन खाडीवर मिरवणूक. पाहुणे म्हणून कोणी पुढारी येणार होते. आता वाड्यात मासेमारी करणारे थोडेच उरलेत, बाकीचे आमच्या ह्यांच्यासारखे बंदरात कामाला. पण त्या दिवशी सगळे दर्याकडे तोंड करतात, कारण दुसऱ्या दिवशीपासून बोटी सुटतात. आईने साडी महिनाभर आधी काढून ठेवली होती.

आणि नेमकं तेव्हाच शकूचं जेवण तुटलं.

सुरुवातीला माझं लक्ष नव्हतं. मग आईच सांगायला लागली की ही चार घास खाते नि ताटावरून उठते. विचारलं तर म्हणते, भूक नाही. चेहरा ओढलेला, डोळे आत गेलेले, ब्लाऊज सगळे सैल. ब्लाऊज मीच शिवलेले, मला माप कळतं ना. आई दिवसभर तिच्या मागे मागे. मध्येच माझ्या दारात येऊन उभी राहायची, काहीतरी बोलायचं असायचं, आणि न बोलताच परत जायची. मला वाटलं, सत्काराची काळजी लागलीय म्हातारीला.

सत्काराच्या आदल्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी त्यांच्या घरात गेले, आई देवळात गेली होती, मी दार लावलं आणि शकूला म्हटलं, आता सांगितलं नाहीस तर मी तुझा लॅपटॉप खाडीत टाकीन. तिने मग लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पडद्यावर एक रेघ होती, डावीकडून उजवीकडे चढत जाणारी.

“ताई, ते पाणी त्या ग्रहाचं नाही,” ती म्हणाली. “आपलं आहे.”

मला काही कळेना. मग तिने सांगितलं ते असं. दुर्बीण जमिनीवर, म्हणजे ती आपल्याच आभाळातून बघणार. आपल्या आभाळात वाफ आहे, ती आकड्यांतून वजा करावी लागते. शकूने रात्रीच्या सुरुवातीला हवेतल्या दमटपणाचा जो आकडा होता, तोच रात्रभरासाठी धरला. उत्तररात्री दमटपणा वाढला होता. तो वाढलेला हिशोबात आलाच नाही, आणि वजा न झालेली वाफ जाऊन बसली ग्रहाच्या नावावर. चष्म्यावर वाफ धरावी आणि समोरच्या पातेल्याला उकळी आली म्हणावं, तशातली गत. दुसऱ्या कामासाठी तिने ते जुने आकडे पुन्हा मांडले तेव्हा दिसलं की तारा जसजसा खाली उतरत गेला, तसतसं पाणी वाढत गेलं. कारण तारा खाली गेला की आपली हवा जास्त मध्ये येते.

“त्या ग्रहाला काय माहीत, आपल्याकडे तारा मावळतोय ते?” शकू म्हणाली, आणि रडायला लागली.

मी तिला जवळ घेतलं. खरं सांगते, आधी मला हायसंच वाटलं. मी कायकाय मनात आणलं होतं, ह्यापुढे हे पाणी म्हणजे काहीच नाही. पण तिला ते काहीच नाही कसं वाटेल? कोणाला कळलंय का, विचारलं, तर नाही. अजून तिला एकटीलाच ठाऊक. कदाचित पुढची काही वर्षं कोणाला कळणारही नाही, आणि तोवर नोकरी कायम होऊन जाईल. हे ती स्वतःच म्हणाली, आणि लॅपटॉप फटकन मिटला. तिचा पेपर वाचून चिलीमधल्या एका गटाने आणि स्पेनच्या एका बाईने त्याच ग्रहासाठी मोठ्या दुर्बिणीच्या रात्री मागितल्या होत्या, आणि त्या मंजूर होत आल्या होत्या. अशा रात्री मिळायला वर्षानुवर्षं जातात. ते तिच्या भरवशावर निघाले होते.

रात्री जेवताना मी आमच्या ह्यांना सांगितलं. हे म्हणजे शकूचे दाजी, स्वभावाने फार गरीब. ते म्हणाले, सत्कार होऊन जाऊ दे, मग सांगेल सावकाश, काय घाई आहे. मी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी पुढचा घास पाण्याबरोबर गिळला. सत्कार कशाचा, तर पाणी सापडल्याचा, आणि ही स्टेजवर बसून शाल घेणार? त्यापेक्षा तिला फ्लेक्सवरच चिकटवून टाका ना.

पौर्णिमेला सकाळी मी समोरच्या घरात गेले तेव्हा शकू अंघोळ करून लॅपटॉपपाशी बसली होती. पेपर मागे घेत असल्याचं तिने लिहून ठेवलं होतं. नियतकालिकाला, मुंबईच्या सायबांना, चिलीच्या लोकांना, त्या स्पॅनिश बाईला. चूक काय, कुठे झाली, कोणाची झाली, सगळं. पेपरवर ज्या सोबत्यांची नावं होती त्यांच्याशी रात्रीच बोलून झालं होतं. तिने मला फक्त इथे बस म्हटलं. मी बसले. तिने एकेक पाठवलं. शेवटचं गेलं तेव्हा तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि श्वास सोडला, इतका मोठा की मलाच मोकळं वाटलं.

पण आईला सांगायचं राहिलं होतं, आणि आई पहाटेच हॉलवर गेली होती, नारळाच्या करंज्या करायला. आम्ही पोचलो तेव्हा ती बायकांच्या घोळक्यात तळणीपाशी. तिला बाजूला घ्यावं म्हणून मी दोनदा हाक मारली, पण तिने झारा दाखवून मला परतवलं. तेवढ्यात जगन आला, शकूला स्टेजवर घेऊन गेला. मी जगनला कोपऱ्यात गाठून सगळं सांगितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. म्हणाला, मालूताई, पाहुणे बसलेत, बँजोवाले आलेत, तिला म्हणावं आज नुसतं थँक्यू म्हण. मी म्हटलं, तूच सांग जाऊन. गेला नाही.

हॉल भरला. आई पदराला हात पुसत पुढच्या रांगेत येऊन बसली, माझ्याशेजारी. पाहुण्यांनी भाषण केलं, त्यात मंगळ होता, चंद्र होता, महिलांची प्रगती होती, पाणीटंचाई होती. मग शालीचं तबक आलं. शकू उठली, तबक हाताने थांबवलं आणि माइककडे गेली. सभांमध्ये ती कडक प्रमाण मराठी बोलते, नाहीतर इंग्रजी. त्या दिवशी वाड्यातलं बोलली.

“मी सांगितला व्हता का त्या ग्रहावर पानी हाय,” ती म्हणाली. “तिथं पानी मिलला नाय. आपल्याच आभालातली वाफ व्हती, ती मी तिकडची समजली. माझी चूक हाय, दुसऱ्या कोनाची नाय.”

कोणाला कळेना टाळ्या वाजवायच्या की नाही. मागे एकाने वाजवायला सुरुवात केली आणि थांबला. पाहुणे मोबाइल बघायला लागले. शकू बोलत राहिली. म्हणाली, उद्या तुमी बोटी काढाल. कोणी सांगितलं की अमक्या जागी मासळी हाय, आणि तिथं ती नसली, तर त्याच्या शब्दावर जाणाऱ्यांचं डिझेल फुकट जाते. मी तसं केलंय, माझ्या शब्दावर परदेशातली माणसं तयारीला लागलीत. म्हणून ही शाल मला नको.

मी आईकडे बघितलंच नाही. माझी छाती होईना. मी जगनच्या चपलांकडे बघत बसले होते. इतक्यात मधल्या रांगेतून काशिरामनाना उठले. वाड्यातले सगळ्यात जुने तांडेल म्हणजे बोटीचे कप्तान, बाबांच्या बरोबरचे. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे बोलतात मोठ्याने.

“पोरी, त्यांच्या बोटी निघाल्या का?”

शकू म्हणाली, “नाय नाना. निघनार व्हत्या. सकाली कलवलाय मी. थांबतील.”

“कोन बुडला नाय?”

“नाय.”

“मग झाला तं,” नाना म्हणाले, आणि खाली बसले.

बाई ग, माझा जीव भांड्यात पडला. नाना बसल्याबरोबर सगळा हॉलच हलल्यासारखा झाला. लोक आपापसात बोलायला लागले, कोणाच्या तरी काकाने कधी कुणाला चुकीची जागा सांगितली होती त्याच्या गोष्टी निघाल्या, कोणी हसलं. नानांचं झालं म्हणजे वाड्याचं झालं. जगनने संधी साधून बँजोवाल्यांना खूण केली आणि पाहुण्यांनी ती शाल नानांच्याच अंगावर घातली. नानांना कशासाठी ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण त्यांनी ठेवून घेतली.

पुढचं इथेच सांगून टाकते. चिलीहून दोन दिवसांत उत्तर आलं, की आमच्या रात्री वाचल्या, त्या आम्ही दुसऱ्या ग्रहाला लावतो. स्पॅनिश बाईने तर स्वतःचे आकडे पाठवले, ह्यातही आपलं आभाळ शिरलंय का ते बघशील का म्हणून. शिरलेलं होतं. मुंबईच्या सायबांनी बोलावून घेतलं, तेव्हा मी संस्थेच्या गेटाबाहेर रिक्षात बसून होते, बोटांना नखं उरली नव्हती. ते रागावले, चांगलेच रागावले, पण कराराला हात लावला नाही. पुढल्या वर्षी कायम करायच्या वेळी समितीने मागे घेतलेल्या पेपरबद्दल विचारलं, हिने हवाईची ती रात्र पुन्हा पहिल्यापासून सांगितली, आणि झालं, कायम. आता कुठूनकुठून लोक तिला आकडे पाठवतात आणि विचारतात, यात आपलं किती आणि तिकडचं किती. दोन हजार सोळात त्या स्पॅनिश बाईबरोबर एका वेगळ्याच ग्रहावर खरोखरची वाफ सापडली, ती अजून टिकून आहे. जगनला मी त्याच दिवशी फोन करून बजावलं, फ्लेक्स लावलास तर बघ.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी हॉलमध्ये बँजो सुरू झाला तेव्हा मी एकदाची आईकडे वळले. तिने तोंडाला पदर लावला होता आणि तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, संपलं, म्हातारीला चार लोकांत खाली बघायला लागलं. मी तिचा हात धरला, म्हटलं, आये, रडू नको, नोकरी जायची नाही तिची. तिने पदर काढला तर ती हसत होती. डोळ्यांतून पाणी चाललेलं आणि हसत होती, वेड्यासारखी.

“म्हंजे आजारी नाय ती?” आई म्हणाली. “एवढाच व्हता?”

मी म्हटलं, एवढंच होतं.

“मालू, तुमचा बाबा पन असाच ताटावरना उठायचा. भूक नाय, भूक नाय. आमी म्हनलो, होईल बरा. मी रोज तिच्या तोंडाकडं बघायची नि मला तोच दिसायचा.”

बाबांच्या पोटातलं दुखणं कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. महिनाभर ती माझ्या दारात येऊन उभी राहायची ती हे सांगायला. सांगितलं की खरं होईल, असं वाटायचं म्हणाली. आम्ही दोघी बहिणी तिच्यापासून एक ग्रह लपवत होतो, आणि ती आमच्यापासून हे.

शकू स्टेजवरून उतरून आमच्याकडे येत होती, हळूहळू, आईच्या चेहऱ्याकडे बघत. तिला काय वाटत होतं ते मला दिसत होतं. आई उठली, तिच्या दोन्ही गालांवर हात फिरवले, कपाळाला हात लावून बघितलं, मग दंड दाबून बघितले, बाजारात कोंबडी बघावी तसे. शकू म्हणाली, आये, माफ कर, तुला आधी सांगायला पाहिजे होतं. आईने ते ऐकलंच नाही. तिला पंगतीकडे ओढत घेऊन गेली, अजून पानं वाढायची होती तरी एका पानापुढे बसवलं आणि स्वतः नारळीभाताचं पातेलं घेऊन समोर उकिडवी बसली.

शकूने खाल्लं. पहिले घास सावकाश, मग भराभर. आई एकटक बघत होती, वाढपी मागे ताटकळलेले, पाहुण्यांचं पान अजून रिकामं. जगन काहीतरी बोलायला आला तेव्हा मी त्याला नुसता हात केला. पान पुसल्यासारखं साफ झालं, तशी शकूने मान वर केली.

“आये, अजून वाढ,” ती म्हणाली.